घरी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसे शिकवावे

पहिलीच्या वर्गात फळ्यावर 'शाळा' लिहिले आहे. एक मूल 'शाया' वाचते, दुसरे 'शाला', तिसरे 'शळ'. तिघांनाही 'चूक' म्हणून खाली बसवले जाते. खरे तर पहिल्या दोघांनी शब्द बरोबर वाचला आहे. पहिल्याच्या घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलतात, तिथे ळ चा य होतो. दुसऱ्याच्या घरी हिंदी आहे आणि रोजच्या हिंदीत ळ नाही. अडले आहे ते फक्त तिसरे, कारण त्याला काना वाचता येत नाही. या तिघांना एकच उपाय लागू पडणार नाही, आणि पहिल्या दोघांना तर वाचनाच्या उपायाची गरजच नाही.

मिश्र वर्गात शिकवताना चूक कुठून आली हे ओळखणे सर्वात महत्त्वाचे. पुढचे सगळे त्या अंगानेच लिहिले आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या अंगणवाडीताई, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि स्वयंसेवक यांना ते वापरता येईल.

पहिला आठवडा: कोणाच्या घरी काय बोलतात

प्रवेशाच्या नोंदवहीत मातृभाषेचा रकाना असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. पालक अनेकदा तिथे 'मराठी' सांगून मोकळे होतात. मुलाबद्दल तीन गोष्टी वेगळ्या वहीत नोंदवा: आई किंवा आजी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते, खेळताना भांडण झाले की ते कोणत्या भाषेत ओरडते, आणि त्याला मराठी किती कळते.

तिसरी गोष्ट तपासायला पाच मिनिटे पुरतात. हातवारे न करता पाच सूचना द्या: 'दार लाव', 'पाटी माझ्याकडे आण', 'डोळे मीट', 'खिडकीपाशी जा', 'लाल खडू दे'. हातवारे टाळायचे ते मुद्दाम, कारण मुले आपल्या नजरेवरून आणि बोटावरून इतके ओळखतात की भाषा कळते असे वाटत राहते. नंतर एखादे गजबजलेले चित्र दाखवून 'यात काय काय चाललंय?' विचारा आणि मुलाला हव्या त्या भाषेत बोलू द्या. यावरून वर्गाचे तीन गट दिसतात: सूचना न कळणारी, कळूनही न बोलणारी आणि बोलणारी.

मधल्या गटाला फार जपा. नव्या भाषेत पडलेले मूल कित्येक आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहून ऐकत असते. त्याला उभे करून 'बोल, बोल' केले की ते आणखी मिटते. त्याला बोटाने दाखवून, वस्तू आणून, मान हलवून उत्तर देऊ द्या.

कोरकू ही मुंडा कुळातली आणि गोंडी द्रविड कुळातली भाषा. या घरांतल्या मुलांना मराठी सर्वस्वी नवी असते, आणि निदान ते आपल्या लक्षात तरी येते. भिली, पावरी, गोरमाटी (बंजारा), अहिराणी या भाषांतले बरेच शब्द मराठीच्या जवळचे वाटतात, त्यामुळे 'कळतंय की याला' असा समज होतो. सूचनांची चाचणी या मुलांनाही घ्याच.

त्याच आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक घरभाषेतले ४० शब्द आणि १० वाक्ये स्वतः शिकून घ्या. पाणी, भूक, दुखतंय, शू, ये, बस, भीती, छान, आई, घर, 'काय झालं?', 'पुन्हा सांग' एवढ्यापासून सुरुवात करा. एखाद्या पालकाकडून किंवा वरच्या वर्गातल्या ताई-दादांकडून ते ऐका, देवनागरीत लिहा आणि त्यांच्यासमोर म्हणून दाखवा. तुमचा उच्चार चुकला की मुले खुशीत दुरुस्त करतात. ज्या मुलाने गुरुजींना एक शब्द शिकवला, ते मूल दुसऱ्या दिवसापासून बोलू लागण्याची शक्यता खूप वाढते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. एका वर्गात चार भाषा असतील तर चारही माध्यमे चालवता येणार नाहीत. पण गोष्टीवर बोलणे, शंका विचारणे, आपापसांत चर्चा करणे घरभाषेत होऊ देता येते आणि त्यासाठी वेगळा शिक्षक लागत नाही.

अक्षरांआधी बोलणे

'कमल' हा शब्द अक्षर जुळवून वाचला आणि 'कमल' म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर आपण बरोबर वाचले की नाही हे मुलाला कसे कळणार? ओळखीचा शब्द अर्धवट वाचला तरी डोक्यात 'अरे, हे तर अमुक!' असे होते. तो झटका अनोळखी शब्दात मिळत नाही. म्हणून जे शब्द तीन-चार आठवड्यांनी वाचायला देणार, ते आज बोलण्यात आणायचे.

आठवड्याला ८ ते १० नवे शब्द पुरतात. वस्तू हातात द्या, चित्र नंतर. एका आठवड्यात एकच वाक्यसाचा घ्या: 'हे काय आहे?', मग '… कुठे आहे?', मग 'मला … दे'. क्रियापदे अंगाने शिकवा: 'उठ, चाल, थांब, वळ, बस' म्हणत मुलांनी तसे करायचे. मूल म्हणाले 'मला पानी दे', तर 'पानी नाही, पाणी म्हण' असे अडवू नका. 'पाणी हवं? घे पाणी' एवढेच म्हणा. बरोबर रूप कानावर पडले आणि संभाषणही तुटले नाही.

लिंगाचा घोळ वर्षभर चालतो, त्याची धास्ती नको. हिंदीत नपुंसकलिंग नाही. कन्नड-तेलुगूत लिंग अर्थावरून ठरते, निर्जीव वस्तूला पुरुष-स्त्री असा भेद नसतो. त्यामुळे 'तो खुर्ची', 'ती दार' होणारच. चित्रकार्डांच्या कडा तीन रंगांत रंगवा, 'तो' ला एक, 'ती' ला एक, 'ते' ला एक, आणि कार्ड दाखवताना नेहमी 'ती खुर्ची', 'ते दार' असेच म्हणा. वाचन तपासताना मात्र लिंगाच्या चुका मोजू नका.

यात वेळ जातो अशी भीती वाटत असेल तर एक लक्षात घ्या. २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टसुद्धा तिसरीअखेर समजून वाचता येणे हे आहे. पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरे पूर्ण झालीच पाहिजेत अशी सक्ती आपणच आपल्यावर लादून घेतलेली असते.

गोष्ट वाचून दाखवणे

रोज १० ते १२ मिनिटे. गोष्ट सांगणे वेगळे आणि वाचून दाखवणे वेगळे. इथे पुस्तक हातात हवे, कारण कागदावरच्या खुणांतून बोलणे निघते हे मुलांना डोळ्यांनी दिसायला हवे. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, त्यांना हे सांगून कळत नाही.

एकच पुस्तक चार दिवस वाचा. पहिल्या दिवशी आधी तीन-चार अवघड शब्द वस्तू किंवा अभिनयाने दाखवा, मग न थांबता वाचा. दुसऱ्या दिवशी मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारा, उत्तर कोणत्याही भाषेत येऊ द्या आणि तेच मराठीत म्हणून पुढे जा. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा येणारे वाक्य मुलांनी म्हणायचे. चौथ्या दिवशी बोट ओळीखाली सरकवत वाचा. बोट डावीकडून उजवीकडे जाते हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही. ज्या मुलाने घरी उर्दू किंवा अरबी पुस्तक पाहिले आहे, त्याने ओळ उजवीकडून सुरू होताना पाहिली आहे. पुस्तक उलटे उघडणाऱ्या मुलावर हसू नका. ओळीच्या सुरुवातीला एक ठिपका काढून द्या.

कानाचे खेळ

रोज सात-आठ मिनिटे, पाटी-पुस्तक बंद. देवनागरीत एक अक्षर म्हणजे साधारणपणे बोलण्याचा एक तुकडा असतो. म्हणून तुकडे ओळखण्यापासून सुरुवात करा, सुटे व्यंजन आणि स्वर नंतर.

वाक्यातले शब्द मोजणे: 'बकरी घरी आली', प्रत्येक शब्दाला एक खडा पुढे सरकवायचा. मग शब्दाचे तुकडे: 'मा-ती' दोन टाळ्या, 'का-ग-द' तीन टाळ्या. मुलांची नावे इथे उत्तम चालतात आणि कोणत्याही घरभाषेतला शब्द चालतो, कारण कान भाषा बदलली तरी तसेच काम करतात. ज्याला मराठी येत नाही त्याच्याबरोबर हा खेळ त्याच्या भाषेतल्या शब्दांनी खेळा. त्यानंतर पहिला आवाज: 'मका, मासा, माती, तारा, यात वेगळा कोण?' शेवटी काना-मात्रेच्या तोंडावर 'क… आ… का' असे जोडणे आणि 'बी'मधून 'ई' वेगळी काढणे.

जे मूल टाळ्या चुकवते त्याला लगेच अक्षरे दाखवू नका, आणखी दोन आठवडे खेळू द्या. त्या काळात कानाकडेही लक्ष ठेवा, त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

अक्षरांचा क्रम: अ-आ-इ-ई पासून का नको

वर्णमाला ही उच्चारस्थानांनुसार रचलेली सुंदर मांडणी आहे, पण ती वाचायला शिकण्याचा क्रम नाही. स्वरांची पूर्ण अक्षरे शब्दात फार थोड्या जागी येतात. ऐ, औ तर क्वचितच, आणि ङ, ञ जवळजवळ नाहीतच. क-ख-ग-घ सलग शिकवली तर महिनाभर एकही धड शब्द वाचता येत नाही. 'ग म भ न' हा आकारांवरचा क्रम हाताला वळण लावायला चांगला आहे, पण वाचताना त्यातली भ आणि म एकमेकांत मिसळतात.

म्हणून चार-पाच व्यंजने आणि एक-दोन स्वरचिन्हे यांचा असा गट करा की पहिल्या आठवड्यातच शब्द तयार व्हावेत.

पहिला गट: क, म, न, ल, आ आणि काना. एवढ्यातून काका, मामा, नाक, कान, काम, काल, लाल, मला, मका, मान, कमान होतात, आणि 'काल मामा आला' हे पूर्ण वाक्यही. महिना संपायच्या आत स्वतः वाक्य वाचणारे मूल पुढे कष्ट घ्यायला तयार असते.

दुसरा गट: र, ब, स, त आणि दुसरी वेलांटी. बस, सात, तीन, रात, मासा, माती, तारा, आरसा, बकरी. 'बकरी आली.' 'मीरा बसली.'

तिसरा गट: प, ग, ह, मात्रा आणि दुसरा उकार. हात, पान, पाने, केस, पूल, गहू, पेरू, आणि सर्वात उपयोगाचा शब्द 'आहे'.

चौथा गट: व, द, ट, ळ आणि काना-मात्रा. वाट, दोरा, टोपी, काळा, माळ, केळी.

पुढचे गट तुमच्या मुलांच्या नावांवरून आणि वाचायच्या पुस्तकांवरून ठरवा. एका गटाला १० ते १२ शाळेचे दिवस धरा. दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार आधी घेतले आहेत त्याला कारण आहे: मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो (आणि, नि यांसारखे मोजके अपवाद सोडून), तीन, मूल, फूल अशा शब्दांतही दीर्घच असतो. पहिली वेलांटी सावकाश येऊ द्या.

सारखी दिसणारी अक्षरे एका गटात कधीच ठेवू नका: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, ट-ठ, ढ-द, ड-इ. सारखी ऐकू येणारीही नकोत: ल-ळ, न-ण, त-ट, श-स, प-फ. पहिले अक्षर पक्के झाल्यावर किमान तीन आठवड्यांनी दुसरे आणा. दोन्ही एकदम शिकवून 'फरक बघा' म्हणण्याने गोंधळ पक्का होतो.

एक बारीक गोष्ट. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहितात, पण बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे दंडाचा ल आणि गाठीचा श येतात. फळा, कार्डे आणि छापील कागद यांत एकच वळण ठेवा, निदान पहिले सहा महिने.

नवे अक्षर आणण्याची पद्धत अशी. ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करा ('मका' वस्तू दाखवून), पहिला तुकडा लांबवून म्हणा, अक्षर फळ्यावर मोठे लिहा, मुलांनी हवेत आणि जमिनीवर बोटाने गिरवायचे, मग गटातल्या जुन्या अक्षरांत ते शोधायचे, आणि लगेच त्याचे दोन शब्द वाचायचे. एका दिवशी एकच नवे अक्षर. तिसऱ्या दिवशी नवे काही नाही, फक्त शब्दपट्ट्या.

'क ला काना का, म ला काना मा' हे तालावर म्हणायला मजा येते, पण वाचताना त्याचा अडथळा होतो. 'म ला काना मा, ल ला काना ला' एवढे म्हणेपर्यंत मूल पहिला तुकडा विसरते. 'मा' हे एकदम 'मा' म्हणूनच वाचायला लावा. बोट न उचलता घसरत जायचे: 'माऽ… लाऽ… माला'. बाराखडी नंतर, सगळी चिन्हे येऊ लागल्यावर, उजळणी म्हणून घ्या.

मुले कुठे अडतात

शब्दाच्या शेवटचा अ. आपण 'कमल' लिहितो आणि 'कमल्' म्हणतो. मूल इमानदारीने 'क-म-ल' असे तीनही अ म्हणते आणि तो शब्द त्याला ओळखू येत नाही. 'शेवटचं अक्षर पटकन सोडून दे' एवढी सूचना पुरते. 'बकरी'तला क मध्येच असून तसाच तुटतो, 'बक्-री'. तो नियम सांगू नका; शब्द तोंडात असेल तर मूल स्वतःच सुधारून घेते, आणि नसेल तर आधी बोलण्यातच आणायला हवा होता.

पहिली वेलांटी. ती अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर म्हणायची. म्हणून 'कविता' हे 'किवता' होते: मुलाने वेलांटी मागच्या क ला चिकटवली. वेलांटी आणि तिचे अक्षर एकाच रंगाने लिहा, आणि वेलांटीचा वरचा बाक अक्षराच्या डोक्यावर स्पष्ट टेकवा. हाताने लिहिताना तो बाक आखूड पडतो, तिथूनच घोटाळा सुरू होतो.

अनुस्वार. पंखा, चेंडू, आंबा या तिन्हींत टिंब एकच, पण नाकातला आवाज पुढच्या अक्षरानुसार बदलतो. असे शब्द चित्रांसह द्या, स्पष्टीकरण नको. सिंह, संवाद, वंश बऱ्याच नंतर.

जोडाक्षरे. पुस्तकातला क्रम काहीही असो, आधी 'म्ह', 'त्या', 'च्या' घ्या. तुम्ही, आम्ही, म्हणून, त्याला, घराच्या हे शब्द प्रत्येक पानावर भेटतात आणि ते अडले की सगळे वाचन अडते. मग दुहेरी अक्षरे: पक्का, बत्ती, गप्प. र ची चार रूपे (क्र, ट्र, र्क आणि 'सुऱ्या'तला ऱ्य) एकेक करून, एकेका आठवड्याच्या अंतराने.

च, ज, झ. 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा, हे लिपी दाखवत नाही. हिंदी बोलणारे मूल दोन्हीकडे 'चार'मधला च म्हणते. वाचन म्हणून ते बरोबर आहे. 'पैसा'चेही तसेच, हिंदीतला ऐ वेगळा उच्चारतात.

ख, घ, फ, भ. तमिळसारख्या भाषेत यांना वेगळी अक्षरेच नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलाला क आणि ख एकच ऐकू येऊ शकतात. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'का' आणि 'खा' म्हणायला सांगा. 'खा' ला पट्टी जास्त हलते. कान तयार होण्याआधी लेखनात या चुका काढू नका.

आता मूळ प्रश्न: चूक वाचनाची की उच्चाराची? तीन पायऱ्यांत कळते.

१. मूल 'शाया' म्हणाले, तर शब्द झाकून शाळेचे चित्र दाखवा आणि 'हे काय?' विचारा. चित्र बघूनही 'शाया' आले, तर तो त्याचा घरचा उच्चार आहे.

२. वाचलेल्या शब्दाचे चित्र तीन चित्रांतून निवडायला सांगा. बरोबर निवडले तर अर्थ पोहोचला.

३. शंका राहिली तर तेच अक्षर असलेले दुसरे दोन शब्द द्या, 'माळ' आणि 'काळा'. तिन्ही ठिकाणी ळ चा तोच उच्चार आला तर अक्षर पक्के आहे. एकदा 'माल', एकदा 'मा' आणि गप्प, असे झाले तर अक्षर पुन्हा शिकवा.

ळ-ल, ण-न यांचा फरक शिकवायचाच आहे, पण तो बोलण्याच्या वेळी, काल-काळ, वेल-वेळ, मन-मण अशा जोड्या चित्रांसह ऐकवून. वाचनाच्या मधोमध थांबवून नको.

लिहिणे

लिहिण्याआधी बोटे. माती मळणे, कागद फाडणे, बिया चिमटीने उचलणे हे रोज १० मिनिटे. पेन्सिल मुठीत धरणाऱ्या मुलाला खडूचा २-३ सेंटिमीटरचा तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. डावखुऱ्याचा हात बदलायला लावू नका. त्याची पाटी थोडी उजवीकडे कलती ठेवा आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदम द्यायची. प्रत्येक अक्षरावर वेगळी दिली की शब्द कुठे संपला हे मुलालाच दिसत नाही. दोन शब्दांत एका बोटाची जागा.

अक्षरे दहा-दहा वेळा गिरवून घेण्यापेक्षा पहिल्या महिन्यापासून मुलांना स्वतःचे काही लिहू द्या. सुरुवात सांगून लिहून घेण्याने करा: मुलाने चित्र काढायचे, त्याबद्दल एक वाक्य बोलायचे, तुम्ही ते जसेच्या तसे चित्राखाली लिहायचे आणि बोट ठेवून दोघांनी वाचायचे. वाक्य गोरमाटीत असेल तर गोरमाटीतच लिहा, देवनागरीत. खाली मराठी वाक्य वेगळ्या रंगाने. आपण बोललेले कागदावर उतरते आणि परत वाचता येते, हे मुलाला इतक्या थेटपणे दुसऱ्या कशातून कळत नाही.

दोन गट झाल्यावर मूल स्वतः लिहू लागते आणि चुका होतात. त्या नीट वाचा. 'मी घरी गलो' म्हणजे मात्रा अजून पक्की नाही. 'बाजारत' म्हणजे लांब शब्दात तिसरा काना सुटतो, कान अजून तेवढा वेळ शब्द धरून ठेवत नाही. 'पानी' म्हणजे मूल जसे बोलते तसे लिहिते, अक्षरज्ञान शाबूत आहे. एका लेखनात एकच गोष्ट सुधारा, तीही गटात आजवर शिकवलेली. सगळे पान लाल केले की पुढच्या वेळी मूल फक्त येणारे तीन शब्द लिहिते.

रोजचा वेळ आणि मध्येच गळणारी मुले

साधारण ९० मिनिटांत हे बसते: गप्पा आणि शब्द १५, वाचून दाखवणे १२, कानाचे खेळ ८, अक्षर-शब्द २५, लेखन २०, उरलेल्या १० मिनिटांत मुलांनी पुस्तके हाताळायची. अक्षर-शब्दाचे काम ५-६ मुलांच्या गटात घ्या. तेवढ्यात बाकीच्यांना शब्दपट्ट्या आणि चित्रे जुळवायला द्या. गट येणाऱ्या अक्षरांवरून करा, घरभाषेवरून नको. बोलण्याच्या वेळी मात्र एकाच भाषेची दोन मुले जवळ असू द्या.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतली मुले चार-पाच महिने नसतात. अक्षरगट हे त्यांच्यासाठीही सोयीचे आहेत. प्रत्येक गटाचा एक संच करा: अक्षरकार्डे, १२ शब्दपट्ट्या, ४ वाक्ये, एक छोटी गोष्ट. मूल परतले की ज्या गटावर थांबले होते त्याच्या एक गट मागून सुरू करा, वर्ग कुठेही पोहोचलेला असो. जाताना झालेल्या गटांच्या शब्दपट्ट्यांची छोटी पुस्तिका त्याच्यासोबत द्या.

दर तीन आठवड्यांनी तपासणी

एकेका मुलाला तीन-चार मिनिटे, बाकीच्यांपासून दूर बसवून. शिकवलेल्यांपैकी १० अक्षरे क्रम बदलून, ५ शब्द, २ वाक्ये आणि त्यांवर एक प्रश्न, ज्याचे उत्तर कोणत्याही भाषेत चालेल. शिवाय दोन निरर्थक शब्द, उदाहरणार्थ पहिल्या गटातून 'लामक' आणि 'नालम'. हे फार महत्त्वाचे. काही मुलांना सगळे पाठ्यपुस्तक तोंडपाठ असते आणि ती बोट फिरवत अस्खलित 'वाचतात'. 'लामक' पाठ करता येत नाही. पण 'हा खोटा शब्द आहे, गंमत म्हणून वाच' असे आधी सांगा. नाहीतर मराठी नवी असलेले मूल त्याचा अर्थ शोधत बसेल.

१० पैकी ८ अक्षरे आणि ५ पैकी ४ शब्द आले तर पुढचा गट. अक्षरे येतात पण शब्द येत नाहीत, तर जोडण्याचा सराव. शब्द येतात पण प्रश्नाचे उत्तर येत नाही, तर बोलण्याकडे परत. अशा मुलाला आणखी अक्षरे देण्याने काही सुधारत नाही.

दोन तपासण्यांत जराही हालचाल नसेल, तर मूल मंद आहे असे ठरवण्याआधी कान आणि डोळे पाहा. त्याच्या पाठीमागे दोन हात अंतरावर उभे राहून हळू आवाजात त्याच्या घरभाषेतला ओळखीचा शब्द म्हणा आणि तो परत म्हणायला सांगा, दोन्ही कानांच्या बाजूने. कान वाहत असेल, वारंवार सर्दी असेल, तर ऐकणे एका दिवशी बरे आणि दुसऱ्या दिवशी कमी असू शकते, म्हणून आठवड्याच्या अंतराने पुन्हा करा. फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणे, पुस्तक नाकाशी धरणे, ओळ सारखी सुटणे यांची नोंद ठेवा आणि शाळेच्या आरोग्य तपासणीची वाट न पाहता पालकांना दवाखान्यात न्यायला सांगा. तोवर त्याला पुढच्या रांगेत, तुमचे ओठ दिसतील असे बसवा.